कुंडीतल्या टोमॅटोसाठी सकस माती कशी तयार करावी?

नुसती काळी माती भरू नका. पाणी दिलं की ती चिकटून बसते आणि मुळं गुदमरतात. मी 2 भाग माती, 1 भाग गांडूळखत आणि 1 भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि थोडा हाडांचा चुरा घालते. हे मिश्रण ओलसर ठेवून पंधरा दिवस सावलीत मुरू द्या, मगच रोप लावा. ही घाई खरंच करू नका! नीट न मुरलेल्या खताने कोवळी रोपं जळतात.

कुंडीत युरिया घालावा का, असंही काहीजण विचारतात. युरियात नत्र (नायट्रोजन) भरपूर असतं. जास्त नत्राने पानं माजतात, फुलं मात्र येत नाहीत. फळाचं बूड काळं पडलं तर आधी पाणी नियमित करा. मातीत कॅल्शियम असलं तरी अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही.