संत्रं पिकलंय, साल तेवढी हिरवी आहे

गुहागरच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: परसातल्या नागपुरी संत्र्याच्या कलमाला यंदा फळं चांगली धरली, पण डिसेंबर संपत आला तरी साल हिरवीगार. शेजारी म्हणतात जांभ्या मातीतलं लोह बाधलं, दुकानदार म्हणतो इथ्रेल मारा. रंग येणार कसा?

ताई, मातीला बोल लावू नका आणि औषधही आणू नका. एक फळ उतरवून सोला. साल सहज सुटली, फोडी रसाने टच्च भरलेल्या आणि केशरी निघाल्या तर फळ तयार आहे. आमच्याकडेही दरवर्षी असंच होतं. पाहुणे मोसंबं समजून सुरी मागतात.

सालीत पिकताना दोन गोष्टी व्हाव्या लागतात. हरितद्रव्य मोडलं पाहिजे आणि त्याच वेळी कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं वाढली पाहिजेत. संत्र्यात त्यातलं मुख्य बीटा-क्रिप्टोझँथिन. याच्या रेणूत ४० कार्बनचा सांगाडा असतो आणि त्यात एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी. ही साखळी प्रकाशातला निळा भाग गिळते, उरतो तो पिवळा-नारिंगी आपल्याला दिसतो. ही सगळी उलथापालथ संत्र्याच्या सालीत नीट व्हायला रात्री गार लागतात, साधारण १३ अंशांच्या खाली. नागपूरला डिसेंबर-जानेवारीत पारा तिथवर सहज उतरतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्र रात्री गार होऊ देत नाही. जानेवारीतही रत्नागिरीची पहाट बहुधा १८-२० अंशांची. दापोलीला, उंचीवर असल्यामुळे, अधूनमधून कडाका पडतो, तिथे थोडा पिवळेपणा येऊ शकतो. व्हिएतनाम-थायलंडमध्ये तर पिकलेली संत्री हिरवीच विकतात आणि लोक बिनतक्रार घेतात. आपल्या बाजारात येणारं झगझगीत किनो पंजाबातलं, तो रंग तिथल्या थंडीचा.

गंमत म्हणजे नारिंगी रंगाला सरसकट थंडी लागते असं अजिबात नाही. वाडीतली सुपारी उकाड्यातही पिकून नारिंगी होते. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या चौकटीला, बांधतो ती कवंडळं (रानवेलीची फळं) भर पावसाळ्यात लालकेशरी होतात. प्राजक्ताचा देठ रोज पहाटे रंगलेला असतोच, आणि त्यातला रंग केशराच्या घराण्यातला. हट्ट आहे तो संत्र्याच्या सालीचा. हापूसचं तर उलटं. संत्र्याला थंडी मानवते, पण कच्चा हापूस १० अंशांच्या खाली ठेवला तर साल करडी पडते, डाग येतात आणि आंबा धड पिकत नाही.

आता इथ्रेल. त्यातून इथिलीन सुटतं, तोच वायू जो आंबा अढीत स्वतः सोडतो. आंब्यात पिष्ट साठलेलं असतं, उतरवल्यावर त्याची साखर होते, म्हणून अढी लावण्यात अर्थ आहे. संत्र्यात असा साठा नसतो. झाडावरून उतरल्यावर ते आणखी गोड होत नाही, इथिलीन फक्त सालीचं हरितद्रव्य घालवतं. मोठ्या पॅकहाउसमध्ये बंद खोलीत, तापमान आणि दमटपणा सांभाळून ते करतात, कारण गिऱ्हाईक रंग बघून पैसे देतं. घरच्या झाडावर फवारून पानगळ ओढवून घेण्यापेक्षा हिरवं खाल्लेलं बरं. कार्बाइडचं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा, फळं पिकवायला त्यावर आपल्याकडे बंदी आहे.

लोहाचं म्हणाल तर जांभ्याचा तांबडा रंग लोहाचा हे खरं, पण तो फळाच्या सालीत ना चढतो ना अडतो. सालीचा हिरवेपणा लांबवणारी मातीतली एक गोष्ट आहे ती नत्र. पावसाळ्यानंतर युरिया टाकत असाल तर थांबवा.

वासाची शंका असेल तर हिरव्या सालीत नख रुतवून बघा, बोटांवर तेलाचा फवारा उडेल. त्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं आणि ते पाण्यासारखं बिनरंगाचं. पोरं असतील तर निरांजनाच्या ज्योतीवर साल दाबून दाखवा, ठिणग्या उडतात.

एक मात्र करू नका: रंगाची वाट बघत फळं झाडावर ठेवू नका. आपल्या उष्ण हवेत आंबटपणा भराभर कमी होतो, मग गोडी असूनही चव पचपचीत लागते, आणि साल फुगून आत पोकळी पडते. जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची फळं असतील तर नोव्हेंबरपासूनच आठवड्याला एक सोलून चाखायची. गडद हिरवा जाऊन पोपटी झाक आली, हाताला वजन लागलं, चव जमली की उतरवायची. आतल्या फोडी नागपूरपेक्षा जराशा फिक्या असतील, ते चालायचंच. वानरं तर पोपटी झाकेचीही वाट बघत नाहीत.

खरी काळजी बुंध्याची घ्या. आपल्या पावसात पाणी तुंबलं की संत्र्याला डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) लागतो, आणि त्यात झाडच जातं. बुंध्याशी माती चढलेली असेल तर ती ओढून घ्या, कलमाचा जोड उघडा दिसला पाहिजे. मग १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट करून पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा लावा. एका झाडाला यातलं थोडंसंच पुरेल, त्याच प्रमाणात कमी करा. साल तडकून डिंक ओघळताना दिसतोय का, ते बघून बुंध्याचा फोटो इथे टाका.