टीनएज मुलांची लस आणि परदेशप्रवास: 'मुलांना सूट असते' हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोव्हिडच्या काळात तुमचे दोघांचे डोस पूर्ण होते, चौदा वर्षांच्या मुलीचा एकच झाला होता. 'मुलांना सूट असते' असं सगळे सांगत होते, म्हणून निघालात आणि चेक-इनलाच अडकलात. पुन्हा कधी अशी साथ आली, तर घरातून निघण्याआधी नेमकं काय बघायचं?

मी तेव्हा काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होते. एका विमान कंपनीसाठी प्रवाशांचे कागद तपासायचं काम करायचे. तान्ही बाळं घेऊन येणाऱ्यांची मला कधी धास्ती वाटली नाही, म्हाताऱ्या माणसांचीही नाही. रांगेत हुडी घातलेलं, कानात इअरफोन खुपसलेलं पोर दिसलं की मात्र मी सगळ्यांत आधी त्याचाच पासपोर्ट मागायचे. कारण अडकणार असेल तर तेच अडकणार, हे दोन-तीन आठवड्यांतच कळून चुकलं होतं.

बारा ते सतरा हे वयच मुळात अडचणीचं. लस देणाऱ्या आपल्या सरकारच्या लेखी ते मूल, म्हणून त्याचा नंबर शेवटी. परक्या देशाच्या सीमेवर मात्र तेच मूल मोठं, म्हणून सर्टिफिकेट दाखव. या दोन खिडक्यांचं एकमेकींशी बोलणं नसतं. तुमच्या मुलीचं जे झालं ते या फटीत झालं.

तारखा बघा म्हणजे फट केवढी होती ते कळेल. फायझरच्या लशीला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली ती १६ वर्षांपासून पुढे. १२ ते १५ वयोगटाला ती मिळायला १० मे २०२१ उजाडला, युरोपात २८ मे. भारतात १५ वर्षांवरच्या मुलांना कोव्हॅक्सिन सुरू झाली ३ जानेवारी २०२२ ला आणि १२ ते १४ च्या मुलांना कोर्बेव्हॅक्स १६ मार्च २०२२ ला. तोवर कित्येक देशांनी '१२ आणि त्यापुढे' अशी रेघ ओढून ठेवली होती. तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या देशात लस मिळतच नसेल तर त्याने काय करायचं, याचं उत्तर त्या रेघेत नव्हतं.

कोर्बेव्हॅक्सची आणखी एक भानगड. जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन यादीत ती आली जानेवारी २०२४ मध्ये. कोव्हॅक्सिन ३ नोव्हेंबर २०२१ लाच आली होती. म्हणजे २०२२ मध्ये एकाच घरातल्या सोळा वर्षांच्या ताईची लस त्या यादीत, तेरा वर्षांच्या भावाची नाही. जे देश ही यादी पाहून लस मान्य करत, त्यांच्या नियमाने दोन्ही डोस घेऊनही तो बिनलसीचाच. म्हणून 'लस घेतली का' एवढं विचारून भागत नाही. कुठली घेतली, आणि आपण जातोय तो देश ती मानतो का, हेही पाहावं लागतं.

'पूर्ण' या शब्दाने तर भल्याभल्यांना गंडवलं. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथल्या लसविषयक सल्लागार समितीने ३ सप्टेंबर २०२१ ला १२ ते १५ च्या सरसकट लसीकरणाची शिफारस करायचं टाळलं. मुलांना या आजाराचा धोका मुळात कमी आणि या प्रकारच्या लशीनंतर तरुण मुलांमध्ये क्वचित दिसणारी हृदयाच्या स्नायूंची सूज, यांचा हिशेब त्यामागे होता. दहा दिवसांनी तिथल्या चार मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शाळा बुडण्याचं नुकसान जमेला धरून एक डोस द्यायचं ठरवलं. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय विचारपूर्वक होता. पण १ डिसेंबर २०२१ पासून स्पेन ब्रिटनहून येणाऱ्या १२ वर्षांवरच्या पर्यटकांकडे पूर्ण लसीकरणाचा पुरावा मागू लागला, आणि स्पेनच्या लेखी फायझरचे पूर्ण म्हणजे दोन. दुसऱ्या डोसची शिफारस नोव्हेंबरच्या अखेरीस आली, मध्ये १२ आठवड्यांचं अंतर. मुलांनी सरकारने सांगितलं ते सगळं केलं होतं आणि तरी ती अपुरी ठरत होती. शेवटी १४ फेब्रुवारी २०२२ पासून स्पेनने १२ ते १७ च्या मुलांना निगेटिव्ह टेस्टवर सोडायला सुरुवात केली. त्याआधी किती सुट्ट्या पाण्यात गेल्या असतील!

आता उलट टोक. अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ पासून परदेशी प्रौढ विमानप्रवाशांना पूर्ण लसीकरण सक्तीचं केलं, पण १८ खालच्या सगळ्यांना त्यातून वगळलं. तुम्ही ऐकलेली 'मुलांना सूट' बहुधा हीच, ऐकीव बातमीसारखी देशोदेशी फिरलेली. सूट लशीतून होती, टेस्टमधून नव्हती. दोन वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. आणि पहिल्या महिन्यात तर मुलाच्या टेस्टची मुदत सोबतच्या मोठ्यांवर ठरायची: लस पूर्ण झालेल्या पालकाबरोबर असेल तर तीन दिवसांतली टेस्ट चालेल, एकटं किंवा लस न घेतलेल्या मोठ्यांबरोबर असेल तर एका दिवसातली. ६ डिसेंबरपासून सगळ्यांनाच एक दिवस झाला. त्या तीन-चार आठवड्यांत, मूल ऐन वेळी आईबाबांऐवजी लस न घेतलेल्या काकाबरोबर निघालं, की आधी काढलेला रिपोर्ट बाद. हे समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा.

आता तुम्ही विचारलेलं, काय बघायचं ते.

आधी वयाची रेघ कुठे आहे ते बघा आणि ती कुठल्या तारखेला लागते ते त्याहून नीट बघा. वय निघायच्या दिवशीचं, पोचायच्या दिवशीचं, की जन्मवर्षावरून? एका कुटुंबातला मुलगा जाताना अकरा वर्षांचा होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सुट्टीत त्याचा बारावा वाढदिवस झाला, केक कापला, फोटो काढले. परतीच्या वाटेवर ज्या देशात विमान बदलायचं होतं, तिथे तो आता 'बारा आणि पुढे'. आई मला फोनवर तेच फोटो दाखवत होती, "अहो, परवा तर झालाय बाराचा!" तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. कॅनडाने हे ओळखून विमानात चढायच्या नियमात रेघ १२ वर्षं ४ महिने अशी ठेवली होती, वाढदिवसानंतर डोस घ्यायला वेळ मिळावा म्हणून. इतका शहाणपणा सगळ्यांकडे नव्हता.

ट्रान्झिटचा देशही मोजायचा, हे ओघाने आलंच.

मग मुलाला एकटा प्रवासी समजून नियम वाचा. 'फॅमिली' हा शब्द डोक्यातून काढा. ही काही कोव्हिडची नवलाई नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतच लिहिलंय की लसीचं प्रमाणपत्र व्यक्तीचं असतं, सामुदायिक चालत नाही, मुलांना वेगळं द्यायचं, आणि मुलाला लिहिता येत नसेल तर पालकाने सही करायची. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीची पिवळी पुस्तिका पाहिली असेल तर तिथे हे आहे. तिचाही हिशेब दिवसांचाच: टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू. २०१६ च्या जुलैपासून ती आयुष्यभर चालते, पण विमान दहाव्या दिवसाआधीचं असेल तर त्या आयुष्यभराचा काय उपयोग. कोव्हिडमध्ये अनेक ठिकाणी शेवटच्या डोसनंतर १४ दिवस मोजत. तिकीट आधी काढून डोस मागून घेणारे याच दिवसांत सापडायचे.

आणि एक फाटक ओलांडलं म्हणजे झालं असं समजू नका. देशात शिरणं वेगळं, देशात फिरणं वेगळं. इटलीत १० जानेवारी २०२२ पासून हॉटेल, बस, ट्रेन, बर्फावर स्कीइंगला नेणाऱ्या पाळण्यांनासुद्धा 'सुपर ग्रीन पास', म्हणजे लस घेतल्यावर किंवा कोव्हिडमधून बरं झाल्यावरच मिळणारा पास, लागू लागला, तोही १२ वर्षांपासून पुढे, आणि साधी निगेटिव्ह टेस्ट त्याला पुरत नसे. फ्रान्सने त्याच महिन्यात १६ वर्षांपासून लसीचा पास आणला, १२ ते १५ ला मात्र टेस्टवर भागायचं. ऑस्ट्रियाने पाहुण्या शाळकरी मुलांसाठी 'हॉलिडे निन्जा पास' काढला होता. नाव ऐकून हसू येतं, पण होता खरोखर: ठरावीक दिवशी ठरावीक टेस्ट करायच्या, नोंद करायची, की मुलाला मोठ्यांबरोबर रेस्टॉरंटमध्ये बसता यायचं. मुलांचा विचार करून काढलेला मला तरी आठवणारा हा एकमेव कागद. सांगायचं असं, की विमानतळाबाहेर पडलेलं मूलही पुढचे आठ दिवस हॉटेलच्या दाराशी अडू शकतं, आणि हे नियम प्रवेशाच्या पानावर नसतात, त्या देशाच्या आतल्या निर्बंधांच्या पानावर असतात.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण निम्मी भांडणं नियमावरून नव्हतीच. मुलांचे पासपोर्ट कमी मुदतीचे असतात, मध्येच नवा निघतो, आणि लसीच्या सर्टिफिकेटवर जुना नंबर राहतो. काहींवर पूर्ण जन्मतारीखच नसते, नुसतं वय असतं; वयावरच सगळं ठरतंय तिथे हे कसं चालावं? तारीख आधी की महिना आधी, यावरून ०५/१२ चे दोन अर्थ होतात. मुलांची ही कागदपत्रं छापून, पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून ठेवा. फोनवरचा स्क्रीनशॉट मोठा करकरून वाचताना मागची रांग काय काय बोलते ते मी ऐकलंय.

एक स्पष्ट सांगते, काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून फायदा नसतो. आमच्यासमोर स्क्रीनवर त्या देशाची अट असायची, दोन-चार ओळींची. ती पुरी होत नसताना माणूस पाठवला, तर त्याला परत आणायचा खर्च आणि दंड कंपनीवर येतो. दया येत नव्हती असं नाही, पण दयेसाठी तिथे रकाना नव्हता. त्या देशाच्या वकिलातीकडून किंवा सरकारी साइटवरून आलेलं लेखी उत्तर कुणी पुढे केलं, तर मात्र मी वरिष्ठांना फोन लावायचे, आणि दोन-तीनदा त्यावर काम झालंसुद्धा. एजंट म्हणाला, शेजारी जाऊन आले, यावर नाही. नियम पंधरा दिवसांत बदलत होते. शेजाऱ्यांचा अनुभव खरा असूनही शिळा असायचा.

तुमच्या मुलीच्या वयाची एक मुलगी आठवते. तिचाही एकच डोस. वडील आवाज चढवत होते, आई बॅगा परत ट्रॉलीवर चढवत होती. मी सवयीने विचारलं, हिला कधी कोव्हिड होऊन गेला का? युरोपच्या डिजिटल सर्टिफिकेटमध्ये तीन रस्ते होते: लस, टेस्ट आणि बरं झाल्याचा दाखला. हा तिसरा १८० दिवस चालायचा, आणि मोठी माणसं त्याचा विचारच करायची नाहीत, सगळ्यांच्या डोक्यात फक्त डोस. आई म्हणाली, झाला होता की, तीन महिने झाले, म्हणून तर दुसरा डोस लांबला. घरी केलेली टेस्ट चालत नव्हती, लॅबचा आरटी-पीसीआर हवा होता. तो निघाला, कुठल्याशा जुन्या मेलमध्ये. त्यावर मुलीचं नाव लिहिलं होतं 'छोटी'.

लॅबवाल्याला घरचं नाव सांगितलं होतं बाबांनीच. मुलीने त्यांच्याकडे असं बघितलं की मलाही मान वळवून हसू लपवावं लागलं. त्या दिवशीचं विमान गेलं. तिनेच बसून लॅबला मेल लिहिला, पासपोर्टची प्रत जोडली, नाव दुरुस्त करून घेतलं, त्यावरून दाखला काढवला, आणि चौथ्या दिवशी तिघं पुन्हा माझ्याच काउंटरवर आले. या वेळी फाइल तिच्या हातात होती, बाबांच्या नाही.