कागद आधी, छापखाना नंतर

प्रश्न : गोव्यात १५५६ साली छापखाना आला, असे आपण वाचतो. मग या भागात कागदही पोर्तुगीजांनीच आणला काय? मध्ययुगात एका समाजाचे तंत्र दुसऱ्या समाजापर्यंत कसे पोहोचत असे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कागद पोर्तुगीजांच्या पुष्कळ आधीपासून येथे माहीत होता. बाराव्या शतकात मंगळूरला राहणारा ज्यू व्यापारी अब्राहम बेन यिजू एडनहून कागद मागवीत असे, हे त्याच्या उपलब्ध पत्रव्यवहारावरून दिसते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर कागद येत होता, परंतु तो माल म्हणून. माल उतरला म्हणजे त्यामागची विद्याही उतरली असे होत नाही.

ती विद्या कारागिरांबरोबर फिरली. इ. स. ७५१ च्या तलास येथील लढाईत अरबांच्या हाती लागलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद करण्यास शिकवले, ही कथा प्रसिद्ध आहे. मात्र मध्य आशियात कागद त्याआधीच वापरात होता, त्यामुळे सारे श्रेय एका लढाईला देणे मला पटत नाही. महत्त्वाचे ते पुढेच घडले. चीनमध्ये तुतीच्या जातीच्या झाडाची साल वापरीत, तर पश्चिमेकडच्या कारागिरांनी मुख्यतः जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या चिंध्यांवर काम भागवले आणि बोरूची शाई पसरू नये म्हणून कागदाला खळ लावून तो घोटून घेतला. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला कागद होऊ लागला; तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानोच्या कारागिरांनी लगदा कुटण्यासाठी पाण्यावर चालणारे हातोडे वापरले, आणि खळीच्या जागी जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस आणला. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदाचा धंदा चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात सुरू झाला, असे परंपरा सांगते.

छापखान्याची गोष्ट याच्या उलट आहे. ॲबिसिनियासाठी (आजच्या इथिओपियासाठी) निघालेले ते यंत्र गोव्यातच राहिले आणि जुन्या गोव्यातील सेंट पॉल विद्यालयात चालू झाले. यंत्र आले, तरी येथील लिपीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडणारा हात हवा होता. जुआंव गोन्साल्विस या स्पॅनिश लोहाराने १५७७ साली गोव्यात तमिळ खिळे पाडले. देवनागरीचे काम मात्र तडीस गेले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात अडचण स्पष्ट मांडली आहे : युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील. म्हणूनच त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण त्यामागे भाषेविषयी अनास्था नव्हती, खिळ्यांचा अभाव होता.

पुढे १६७४ साली सुरतेच्या भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स नावाचा छापणारा मुंबईला पाठवला. त्याला छापता येत होते, खिळे कोरता येत नव्हते. देवनागरी खिळ्यांचा प्रश्न बंगालमध्ये श्रीरामपूरला सुटला तो पंचानन कर्मकार या तेथल्याच कारागिराच्या हातून, आणि विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले.