बॅटरी भाड्याने घ्यावी की गाडीसोबत विकत? आठ वर्षे गाडी ठेवणाऱ्या कुटुंबाचा हिशेब

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. विजेवर चालणारी पहिलीच गाडी घेत आहोत आणि ती किमान आठ वर्षे वापरण्याचा विचार आहे. महिन्याला सरासरी ९०० किलोमीटर प्रवास होतो. विक्रेत्याचे म्हणणे असे की, बॅटरी विकत न घेता भाड्याने घेतली तर गाडी ३० टक्क्यांनी स्वस्त पडेल, बॅटरी बिघडण्याची चिंता उरणार नाही आणि वाचलेले पैसे गुंतवता येतील. भाडे किलोमीटरवर आहे, पण दरमहा किमान १,५०० किलोमीटरचे भाडे भरावेच लागेल. पूर्ण किमतीच्या निम्मी रक्कम आमच्याजवळ आहे आणि उरलेल्या रकमेसाठी ९ टक्के दराने पाच वर्षांचे कर्ज मिळते. मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण सहाव्या वर्षी सुरू होईल. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण करारनाम्याचा मसुदा आणि दरपत्रक सोबत पाठवले, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. आपल्या परिस्थितीत बॅटरी भाड्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही योजनाच वाईट आहे, असा त्याचा अर्थ नाही. गाडी किती वर्षे ठेवायची, या एकाच प्रश्नाच्या उत्तराने या व्यवहाराचे पारडे फिरते, आणि आपले उत्तर आठ वर्षे असे आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून बॅटरीसह गाडीची किंमत १,००० धरू. बॅटरी वगळल्यास ती ७०० होते, म्हणजे बॅटरीचा वाटा ३००. आपल्या दरपत्रकातील किमान भाडे याच प्रमाणात मांडले तर महिन्याला ४.५० येते. ही ३० टक्क्यांची सवलत नव्हे, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. ३०० ची वस्तू आपण वापरायला घेत आहात आणि तिचे पैसे नंतर, महिन्यामहिन्याने, देत आहात. पैसे नंतर देण्याच्या कोणत्याही व्यवहारात व्याज कुठेतरी असतेच. येथे ते भाड्याच्या पोटात आहे.

ते किती आहे, हे काढता येते. ३०० च्या बदल्यात ९६ महिने दरमहा ४.५० दिले आणि आठ वर्षांनंतर बॅटरीची किंमत शून्य धरली, तरी व्याजाचा दर वर्षाला सुमारे ९.७ टक्के पडतो. आठ वर्षांनी बॅटरीची मूळ किमतीच्या एक-चतुर्थांश किंमत उरेल असे मानले, तर तोच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो, कारण ती उरलेली किंमत आपल्याला न मिळता कंपनीला मिळते. बँक आपल्याला ९ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार असताना हा महाग मार्ग का पत्करावा? त्यातही हा दर भाडे आठ वर्षे मुळीच वाढणार नाही असे धरून काढला आहे. आपल्या मसुद्यात मात्र ‘बाजारस्थितीनुसार दरवर्षी फेरआढावा’ असे कलम आहे आणि वाढीची कमाल मर्यादा कुठेही दिलेली नाही. दरवर्षी ५ टक्के वाढ झाली, तर आठ वर्षांच्या भाड्याची बेरीज ४३२ ऐवजी ५१६ होईल.

आता मासिक हप्त्याकडे पाहू, कारण विक्रेत्याच्या बोलण्यातला खरा ओढा तिथेच असतो. आपल्याजवळचे ५०० भरले, तर बॅटरीसह गाडीसाठी ५०० चे कर्ज लागेल आणि त्याचा हप्ता १०.३८ येईल. बॅटरीविना गाडीसाठी २०० चे कर्ज पुरेल, हप्ता ४.१५ येईल, परंतु त्यात ४.५० भाडे मिळवावे लागेल, एकूण ८.६५. म्हणजे ज्यासाठी बॅटरीची मालकी सोडायची, ती दरमहाची बचत अवघी १.७३ आहे. पाच वर्षांत ती १०४ पर्यंत जाते. त्यानंतर मात्र विकत घेणाऱ्याचा हप्ता संपतो आणि भाडेकरूचे ४.५० चालूच राहतात. पुढील तीन वर्षांत ते १६२ होतात. आपल्या मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क सहाव्या वर्षापासून सुरू होणार आहे. नेमक्या त्याच वर्षी एका मार्गात आपले उत्पन्न मोकळे होते आणि दुसऱ्या मार्गात ते अडकलेलेच राहते. मला या व्यवहारात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

‘वाचलेले पैसे गुंतवा’ हा युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. पण आपल्या बाबतीत हातात एकरकमी काही वाचतच नाही. कमी होते ते कर्ज, आणि त्याची जागा भाडे घेते. ज्याच्याजवळ पूर्ण रक्कम आहे आणि जो ३०० बाजारात गुंतवू शकतो, त्यालाही मी हेच सांगेन की, भाडे देणे निश्चित असते आणि गुंतवणुकीचा परतावा अनिश्चित असतो, म्हणून या दोहोंचे दर शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नाही.

गाडी किती वर्षे ठेवायची, यावर मी इतका भर का देतो, ते पाहा. बॅटरीच्या वाट्याचे ३०० कर्ज काढून घेतले तर पाच वर्षांत व्याजासह ३७४ भरावे लागतात. समजा, तीन वर्षांनी गाडी विकून कर्ज फेडले. तोवर भरलेले हप्ते आणि फेडायची बाकी मिळून सुमारे ३६० होतात. भाडेकरूने तेवढ्या काळात १६२ भरलेले असतात. म्हणजे विकताना बॅटरीमुळे गाडीला निदान १९८, अर्थात बॅटरीच्या मूळ किमतीच्या दोन-तृतीयांश, जास्त मिळाले तरच विकत घेणारा बरोबरीला येतो. हे अवघड आहे, आणि म्हणून तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने भाड्याचा पर्याय जरूर पाहावा. पाच वर्षांनी विकल्यास एक-तृतीयांशापेक्षा थोडी जास्त किंमत आली तरी पुरते. सात वर्षांनंतर बॅटरीची किंमत शून्य धरली तरी विकत घेणारा तोट्यात नसतो, आणि आठव्या वर्षाअखेर तो ५८ ने पुढे असतो. या आकड्यांत मी भाडेवाढ धरलेली नाही.

किमान किलोमीटरच्या अटीबद्दल वेगळे सांगायला हवे. आपण ९०० किलोमीटर चालवता आणि १,५०० चे पैसे भरणार, म्हणून आपल्याला प्रत्यक्ष पडणारा दर छापील दराच्या १.६७ पट होतो. जास्त चालवणाऱ्याला हा दर कमी पडतो असे वाटेल, पण महिन्याला २,५०० किलोमीटर चालवणारा ७.५० भरतो आणि ४० महिन्यांतच बॅटरीची पूर्ण किंमत चुकवून बसतो. भाडे अधिक वीज यांच्या बेरजेची तुलना इंधनाच्या खर्चाशी करून दाखवली जाते, तिच्याकडेही दुर्लक्ष करावे. ती तुलना विजेची आणि इंधनाची आहे. बॅटरी आपली असो वा भाड्याची, चार्जिंगचा खर्च तोच राहतो.

आता बॅटरी बिघडण्याची भीती. ती मी हलक्याने घेत नाही, कारण गाडीतील सर्वांत महाग भाग तोच आहे. परंतु विकत घेतलेल्या बॅटरीवर बहुतेक उत्पादक ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, वॉरंटी देतात आणि त्या काळात क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली गेल्यास दुरुस्ती किंवा बदल करून देतात. आपल्या दरपत्रकातही हीच वॉरंटी आहे. आठ वर्षांत आपली गाडी सुमारे ८६,४०० किलोमीटर चालेल, म्हणजे किलोमीटरची मर्यादा निम्म्याच्या थोडी पुढे गेलेली असेल. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात क्षमतेतील सरासरी घट वर्षाला १.८ टक्के आढळली. तीव्र उष्णता आणि सतत जलद चार्जिंग यांमुळे ती वाढते, आणि सरासरीच्या खाली-वर गाड्या असतातच. तरीही आठ वर्षांनी साधारण ८५ टक्के क्षमता उरेल, अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही. ज्या चिंतेपोटी आपण भाडे भरणार, तिचा मोठा भाग वॉरंटीने आधीच उचललेला आहे.

भाड्याच्या करारातील हमी काही वेळा वॉरंटीपेक्षा चांगली असते, हेही नमूद केले पाहिजे. रेनॉ या फ्रेंच कंपनीच्या झोई या विजेवरील गाडीच्या भाडेकरारात क्षमता ७५ टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळण्याची तरतूद होती, आणि ती हमी करार चालू असेपर्यंत लागू होती. आपल्या मसुद्यात मात्र ‘बॅटरी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कंपनीची’ एवढेच वाक्य आहे. सुस्थिती म्हणजे किती टक्के क्षमता, ते ठरवणार कोण आणि किती दिवसांत बॅटरी बदलून मिळणार, यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. टक्केवारी नसलेल्या हमीला मी हिशेबात शून्य किंमत देतो.

झोईचाच अनुभव पुनर्विक्रीबाबतही उपयोगी आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला बॅटरीचा भाडेकरारही आपल्या नावावर करून घ्यावा लागे, त्यामुळे ग्राहक मिळणे कठीण जाई. पुढे कंपनीने बॅटरी विकत घेण्याची सोय दिली. भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचे घर विकताना जशी प्रत्येक ग्राहकाची पहिली शंका पट्ट्याबद्दल असते, तसे येथे होते. आठ वर्षांनी आपली बॅटरीविना गाडी कोणी घ्यायला तयार झाला, तरी व्यवहार कंपनीच्या संमतीवर अवलंबून राहील आणि ती संमती कोणत्या शुल्कावर मिळेल, हे मसुद्यात लिहिलेले नाही.

दर बदलू शकतात, आणि ते प्रत्येक वेळी वाढतातच असे नाही. चीनमधील निओ या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा ७० किलोवॅट-तासांची, म्हणजे ७० युनिट वीज साठवणारी, बॅटरी वगळल्यास गाडी ७०,००० युआनांनी स्वस्त होत असे आणि भाडे महिन्याला ९८० युआन होते. ७१-७२ महिन्यांत दोन्ही आकडे सारखे होत. मार्च २०२४ मध्ये तिने साध्या बॅटरीचे भाडे ७२८ युआनांवर आणले आणि तोच काळ ९६ महिन्यांवर गेला. तेथे ग्राहकाला काही मिनिटांत भरलेली बॅटरी बदलून देणारी केंद्रेही मिळतात, म्हणजे भाड्यात वेळेची बचत समाविष्ट आहे. दिवसभर गाडी चालवून उत्पन्न मिळवणाऱ्याला त्या वेळेचे पैसे होतात. आपल्या करारात ती सोय नाही. गाडी रात्री घरीच चार्ज होणार आहे.

बॅटरीचे भाव उतरत असताना आज विकत का घ्यायची, अशीही शंका आपण लिहिली आहे. ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०१० मध्ये प्रति किलोवॅट-तास १,१०० डॉलरपेक्षा जास्त असलेला बॅटरी-पॅकचा सरासरी भाव २०२४ मध्ये सुमारे ११५ डॉलरवर आला. या घसरणीमुळे आपल्या जुन्या गाडीची किंमतही उतरेल, हे खरे आहे, आणि तो धोका भाडेकरूला कमी असतो. पण आपले भाडे आजच्या भावावर ठरलेले आहे आणि भाव उतरल्यास ते कमी करण्याचे बंधन कंपनीवर नाही. दहाव्या वर्षी बॅटरी बदलण्याची वेळ आलीच, तर स्वस्ताईचा लाभ मालकाला मिळेल.

कंपनीच बंद पडली तर काय, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये बॅटरीची मालकी स्वतःकडे ठेवून सेवा देणारी बेटर प्लेस ही कंपनी मे २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या मसुद्यानुसार बॅटरीची मालक गाडीची उत्पादक कंपनी नसून एक वित्तसंस्था आहे, म्हणजे गाडीची दुरुस्ती एकीकडे आणि बॅटरीचा वाद दुसरीकडे. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाल्यास विम्याची रक्कम दोघांत कशी वाटली जाईल, तेही विमा कंपनीकडून लेखी घ्यावे लागेल.

आपण ज्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही, असा तिसरा पर्याय त्याच दरपत्रकात आहे. लहान बॅटरीची आवृत्ती याच प्रमाणात ८८० ला मिळते. आपले ५०० भरल्यावर ३८० चे कर्ज राहील आणि त्याचा हप्ता ७.८९ येईल, म्हणजे मोठी बॅटरी भाड्याने घेण्यापेक्षाही कमी, आणि पाच वर्षांनी शून्य. आपला रोजचा प्रवास सरासरी ३० किलोमीटर आहे. एका चार्जिंगमध्ये प्रत्यक्ष २०० किलोमीटर मिळाले, तरी आठवड्यातून दोनदा चार्जिंग पुरेल. लांबच्या प्रवासात एखादा थांबा वाढेल, एवढेच. मोठ्या बॅटरीचे वजन आणि किंमत रोज वाहून नेण्याइतकी गरज मला आपल्या प्रवासात दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी लहान बॅटरीची गाडी आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, वातानुकूलन चालू ठेवून आणि सगळे कुटुंब बसवून चालवून पाहावी. ती पुरत असेल तर ती कर्जाने विकत घ्यावी. पुरत नसेल तर मोठी बॅटरी विकत घ्यावी. आपल्या घरखर्चाच्या तपशिलाप्रमाणे, चालू गुंतवणूक वगळून दरमहा २४ शिल्लक राहतात, तेव्हा १०.३८ चा हप्ताही पेलवेल. सहा महिन्यांच्या खर्चासाठी वेगळा ठेवलेला आपत्कालीन निधी मात्र कर्ज कमी करण्यासाठी मोडू नये.

तीन-चार वर्षांत बदली होऊन गाडी विकावी लागण्याची शक्यता आपल्यापैकी कोणाच्या नोकरीत असेल, तर माझे उत्तर बदलेल. पत्रात तसा उल्लेख नाही. तसे असल्यास सही करण्यापूर्वी चार गोष्टी करारात लेखी घ्याव्यात : भाडेवाढीची कमाल मर्यादा, क्षमतेची टक्केवारी, करार दुसऱ्याच्या नावावर करण्याचे शुल्क आणि प्रत्येक वर्षाअखेर बॅटरी विकत घ्यायची असल्यास द्यावयाची रक्कम. यांपैकी शेवटचा आकडा तिसऱ्या वर्षाअखेर २०० च्या वर असेल, तर तो करार आपण करू नये.