सांबा सर्व्हरवर मॅकचे रंगीत टॅग का टिकत नाहीत?

प्रश्न : आमच्या डीटीपी केंद्रात डेबियन 12 (लिनक्स) वर सांबा सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटून देणारा प्रोग्राम आहे. मॅकवरून फायलींना लावलेले टॅग उडतात आणि ‘._’ने सुरू होणाऱ्या फायली साचतात. सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये ‘ईए सपोर्ट = यस’ लिहूनही फरक नाही. शेअर यूएसबी डिस्कवर आहे.

उत्तर : ती ओळ सांबा 4.9 पासून मुळातच ‘यस’ असते, त्यामुळे ती लिहून काही बदलणार नव्हते. आधी डिस्क तपासा. ‘एटीटीआर’ पॅकेज टाका, शेअरच्या फोल्डरात एक रिकामी फाइल करा आणि टर्मिनलवर ‘सेटएफअॅटर -एन युजर.टेस्ट -व्ही 1’ या आज्ञेपुढे तिचे नाव द्या. ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ आले तर डिस्क बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आहे. टॅग ज्यात साठतात ते अॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलला जोडलेली जादा माहिती, ठेवायला तिथे जागाच नाही. डेटा दुसरीकडे हलवून डिस्क एक्सएफएसमध्ये फॉरमॅट करा. ईएक्सटी4 फॉरमॅटही चालते, पण तिथे एका फाइलच्या सगळ्या अॅट्रिब्यूट्सना मिळून साधारण 4 केबी मिळतात. ते भरले की डिस्क अर्धी रिकामी असतानाही ‘जागा नाही’ असा संदेश येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एक्सएफएसवर एकेक अॅट्रिब्यूट 64 केबीपर्यंत जाते.

मग सांबाच्या सेटिंग फाइलमधल्या ‘ग्लोबल’ विभागात ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = कॅटिया फ्रूट स्ट्रीम्स_एक्सअॅटर’ याच क्रमाने लिहा; ही सांबाची तीन जोड-मॉड्यूल्स आहेत. त्याखाली ‘फ्रूट:मेटाडेटा = स्ट्रीम’. एखाद्या शेअरखाली वेगळी ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’ ओळ असेल तर तिथे तीच चालते, वरची नाही. हे फार जणांच्या नजरेतून सुटते. ‘सांबा-व्हीएफएस-मॉड्यूल्स’ पॅकेज नसेल तर शेअर उघडणारच नाही. सेटिंग तपासणारा ‘टेस्टपार्म’ चालवून एसएमबीडी, म्हणजे सांबाची सेवा, रिस्टार्ट करा आणि मॅक पुन्हा जोडा. टॅग लावून सर्व्हरवर ‘गेटएफअॅटर -डी’ केल्यावर ‘युजर.डॉसस्ट्रीम’ने सुरू होणारी ओळ दिसली की काम झाले.

‘._’ फायली मात्र पुसू नका. मॅकच्या जुन्या टाइप 1 फॉन्टचा सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये, म्हणजे मॅक फाइलच्या वेगळ्या जोडभागात असतो आणि तो याच फायलींत बसलेला असतो. पुसल्यात तर शून्य बाइटचा फॉन्ट हाती राहील.

प्रश्न : बॅकअपमधून परत आणलेल्या फायलींचे टॅग गेले. का?

उत्तर : फायली कॉपी करणाऱ्या आरसिंक आज्ञेच्या ‘-ए’मध्ये (स्मॉल ए) अॅट्रिब्यूट येत नाहीत, जोडीला कॅपिटल ‘-एक्स’ द्या. फायलींचे गाठोडे करणाऱ्या टार आज्ञेला ‘--एक्सअॅटर्स’ बांधताना आणि सोडताना, दोन्ही वेळा लागते.