लॉन करपलं, विटलं, फुगलं : कृत्रिम हिरवळीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बंगल्यापुढे 300 चौरस फुटांवर 35 मिमी उंच पात्यांचं आर्टिफिशियल लॉन आहे. गेल्या उन्हाळ्यात खिडकीसमोरचा हातभर पट्टा करपून आकसला. तिथे विस्तव वगैरे काही पडलेलं नव्हतं. तेवढाच भाग बदलता येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : येईल, पण आधी ती खिडकी बघा. काच आरशासारखी चमकणारी किंवा दुहेरी असेल, तर तिच्यावरून परतलेलं ऊन एका पट्ट्यात एकवटतं. लॉनची पाती पॉलिथिलीनची, म्हणजे वितळायला फार मोठी आच लागत नाही. त्यात नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकलेला. पात्यांची टोकं वळून कडक झाली असतील आणि दिवसाच्या ठरावीक वेळी काचेचा कवडसा नेमका तिथेच पडत असेल, तर कारण तेच. काचेचा बंदोबस्त न करता ठिगळ लावलंत, तर तेही पुढच्या उन्हाळ्यात वितळेल. खिडकीला बाहेरून शेडनेट किंवा जाळी लावा. शेतीसाहित्याच्या दुकानात शेडनेट मिळतं. आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन काचेवरून बाहेरच्या बाहेर परततं.

आता ठिगळ. नव्या रोलचा किंवा माळ्यावर ठेवलेला तुकडा लावू नका. त्याने ऊन खाल्लेलं नसतं, त्यामुळे तो शेजारच्या लॉनपुढे उठून दिसतो. कुंड्यांमागचा किंवा पायरीच्या आडचा तुकडा काढून पुढे लावा आणि नवा त्या कोपऱ्यात दडवा.

आधी त्या भागात पात्यांच्या बुडाशी भरलेली वाळू झाडून बाजूला काढा. कडेकडून लॉन उलटवता येत असेल तर मागूनच कापा. पाठीवर टाक्यांच्या समांतर ओळी दिसतात, कटर दोन ओळींच्या मधून चालवायचा. मधला भाग असेल आणि उलटवता येत नसेल, तर बोटांनी भांग पाडून, ओळीच्या फटीतून कापा. कटर टाक्यांवरून गेला की पाती सुटतात आणि जोडावर टक्कल पडतं. ठिगळाची पाती ज्या बाजूला झुकतात, तीच बाजू आजूबाजूच्या लॉनची हवी. तळहात फिरवून खात्री करा. उलटं बसलेलं ठिगळ लांबूनही वेगळ्या रंगाचं भासतं, आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

भोक 30 × 40 सेंमीचं धरलं तर चारही कडांखाली मिळून सुमारे दीड मीटर जोडपट्टी लागेल. पट्टी 15 सेंमी रुंद घ्या, निम्मी जुन्या लॉनखाली आणि निम्मी ठिगळाखाली. चिकटवायला दोन घटक मिसळून वापरायचं पीयू (पॉलियुरेथेन) चिकट घ्या, एवढ्या कामाला अडीचशे-तीनशे ग्रॅम पुरतं. खाचांच्या पत्र्याने पातळ, सारखा थर द्या. थर जाड झाला की चिकट फटीतून वर येऊन पाती चिकटवतं. तसं झालंच तर ओलं असताना पुसू नका, पसरेल. सुकल्यावर तेवढी टोकं कात्रीने छाटा. लाकूडकामाचं रबरी चिकट स्वस्त पडतं खरं, पण उन्हात ते पुन्हा मऊ होतं आणि जोड उसवतो.

दोन कडांमधली फट तुमच्या लॉनच्या दोन टाक्यांच्या ओळींमधल्या अंतराइतकीच ठेवा. वर फळी ठेवून विटा रचा आणि 24 तास हलवू नका. पीयूला ओल चालत नाही, फेस येऊन पकड जाते. त्यामुळे पावसाळ्यात हे काम काढूच नका. थंडीत दव वाळल्यावर, दहानंतर हात घाला. मे महिन्याच्या दुपारी चिकट डब्यातच घट्ट होतं.

शेवटी वाळू भरा. 35 मिमी लॉनला चौरस मीटरमागे 5-6 किलो लागते, म्हणजे तुमच्या अख्ख्या अंगणाला दीडशे किलोच्या आसपास. ती धुतलेली, कोरडी, गोल कणांची सिलिका वाळू असावी. बांधकामाची क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) टाकू नका. तिचे धारदार कण पाती घासतात आणि भुकटी निचऱ्याची भोकं बुजवते.

प्रश्न : सात वर्षांचं लॉन विटलंय आणि दबलंय. एक कारागीर हिरवा स्प्रे मारून नवं करून देतो म्हणतो. मारून घ्यावा का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नको. पॉलिथिलीनवर रंग धरत नाही. थोड्याच दिवसांत तो पायाला लागू लागेल आणि पाती एकमेकांना चिकटून ताठ होतील. उडालेला रंग परत येत नाही, हे मान्य करूनच पुढचं ठरवा. पाच-सहा ठिकाणचं एकेक पातं दोन बोटांत चुरगाळा. पूड झाली किंवा दुमडल्यावर तुटलं, तर उन्हाने प्लास्टिकच संपलंय आणि त्यावर खर्च करणं व्यर्थ. पातं लवचिक असेल तर निदान दबणं दुरुस्त होतं. आधी पाण्याने धूळ काढा. लॉन वाळल्यावर नायलॉनच्या ताठ ब्रशने झुकावाच्या उलट दिशेने घासा. तारेचा ब्रश नको, तो टाकेच उपसतो. नंतर थोडी थोडी वाळू पसरून पुन्हा ब्रश फिरवा. पात्यांच्या बुडाशी वाळू असली तरच ती उभी राहतात. तुमच्याकडची बहुधा वाहून गेली असावी.

प्रश्न : दर पावसाळ्यानंतर लॉन कुठे फुगतं, कुठे खचतं. जोडही सुटलेत.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : खाली काळी माती असणार. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या जोडांना ओढते. नुसते जोड चिकटवून भागणार नाही. लॉन गुंडाळून बाजूला ठेवा आणि निदान 15 सेंमी माती काढा. खाली 10 सेंमी खडी-मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर थोडं पाणी मारून धुमसलेला, त्यावर 3-4 सेंमी ग्रीट (बारीक खडी) आणि मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड. उतार मीटरमागे 1 सेंमी, घरापासून बाहेरच्या दिशेने. लव्हाळा आधी गाठींसकट उपटा. त्याचे कोंब कापडही भेदतात.

प्रश्न : गच्चीवरच्या लॉनच्या कडा उचलतात. खिळे ठोकले तर चालेल?
– एक वाचक, सिडको

उत्तर : अजिबात नाही. वॉटरप्रूफिंगला भोक पडलं की पाणी थेट खालच्या छतात. फरशी धुऊन पूर्ण वाळवा, कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावा आणि लॉन दाबून कुंड्या ठेवा. फक्त पन्हाळीचं तोंड मोकळं राहू द्या.