पहिला गट घेण्याआधी

पुढच्या आठवड्यात तू थेरपिस्ट म्हणून पहिला थेरपी गट घेणार, म्हणून लिहितेय. न्यूयॉर्कच्या सलिव्हन इन्स्टिट्यूट या मानसोपचार संस्थेबद्दल नीट वाच. सॉल न्यूटन आणि जेन पिअर्स यांनी ती १९५७ मध्ये काढली. पुढे आईवडिलांशी संबंध तोडायला लावणं, कुणी कुणाबरोबर राहायचं, मूल कधी होऊ द्यायचं, सगळं थेरपिस्टच ठरवू लागले. १९९१ मध्ये न्यूटन वारले आणि त्याच सुमारास तो कारभार मोडला. त्यात अडकलेली माणसं चांगली शिकलेली, कमावती होती. भोळी होती म्हणून फसली, असं समजू नकोस.

माझ्या गटात एकदा एक बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगाल तसं करते. नवऱ्याला सोडू का?" आठही जण माझ्याकडे बघत होते. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. फार गोड क्षण असतो तो. तिथेच सावध हो.

गटातल्या कुणाकडून घरची कामं, उसने पैसे नकोत. शारीरिक जवळीक तर कधीच नाही. कुणी गट सोडतो म्हणालं, तर सगळ्यांसमोर "तू पळतोयस" म्हणू नकोस. जाऊ दे त्याला. आणि सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपलं काम मांडताना, जे सांगायला जीभ रेटत नाही, ते आधी सांग.